रार्पमधला दुसरा रकाना

मॅक पत्त्यावरून आयपी पत्ता शोधण्याची कुळकथा सांगताना एआरपीपासून डीएचसीपीपर्यंत सरळ रेघ ओढली जाते. १९८२ साली डेव्हिड प्लमर यांनी मांडलेला एआरपी आयपीवरून हार्डवेअर पत्ता, म्हणजेच मॅक पत्ता, काढतो. जून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या चौघांनी आरएफसी ९०३ मध्ये उलटी वाट आखली, ती रार्प. डिस्क नसलेल्या वर्कस्टेशनला सुरू होताना आपला आयपी पत्ता ठाऊक नसे. हाताशी असे तो फक्त इथरनेटचा ४८ बिटांचा पत्ता. म्हणून रार्प म्हणजे यंत्राने स्वतःची ओळख विचारण्याची सोय, एवढाच अर्थ घेतला जातो. तो अपुरा आहे.

रार्पच्या संदेशात हार्डवेअर पत्त्याचे दोन रकाने आहेत: एक विचारणाऱ्याचा, दुसरा ज्याच्याविषयी विचारायचे त्याचा. स्वतःचा पत्ता हवा असेल तेव्हा दोन्हींत एकच पत्ता येईल, असे आरएफसी सांगते. ‘असेल तेव्हा’ म्हटले की दुसऱ्याविषयी विचारण्याची वाट मोकळी राहतेच. हा रकाना एआरपीच्या साच्यातून आयता आला, असा आक्षेप येईल. साचा आयता होता खरा, पण व्यवस्था नवी होती. एआरपीत सगळी यंत्रे बरोबरीची, ज्याचा पत्ता त्यानेच उत्तर द्यायचे. रार्पमध्ये मात्र मॅक आणि आयपी पत्त्यांच्या जोड्यांची नोंद सांभाळणारा सर्व्हर लागतो; युनिक्सवर त्यासाठी ‘एथर्स’ नावाची फाइल असे. अशी नोंद एका जागी आली की कुणाविषयीही विचारता येते, आणि माझ्या मते रार्पचे खरे देणे हेच.

१९९२ चा इन्व्हर्स एआरपी हाच खरा वारस, असेही कुणी म्हणेल. पण फ्रेम रिलेसाठी केलेल्या त्या पद्धतीत प्रश्न पलीकडच्या यंत्रालाच जातो, मध्ये नोंद नाही. तो एआरपीच्या घरचा.

रार्प राउटर ओलांडत नसे आणि आयपी पत्त्याखेरीज फारसे काही देत नसे; १९८५ चा बूटपी आणि १९९३ चा डीएचसीपी यांनी त्याची जागा घेतली. त्यांत यंत्र स्वतःपुरतेच मागते. २००६ च्या आरएफसी ४३८८ ने मात्र ‘लीजक्वेरी’ आणली: ग्राहकांच्या जोडण्या सांभाळणारे उपकरण बंद पडून पुन्हा सुरू झाले, तर मॅक पत्ता देऊन दुसऱ्याचा आयपी पत्ता ते डीएचसीपी सर्व्हरला विचारू शकते. दुसऱ्या रकान्यातला प्रश्न २२ वर्षांनी असा परतला. साऱ्या नेटवर्कला पिंग करून एआरपीचा तक्ता वाचला तरी काम भागते, हे खरे. पण त्यात नुकतीच बोललेली यंत्रेच सापडतात. बंद पडलेल्या यंत्राचा पत्ता लीजची मुदत संपेपर्यंत सर्व्हरच्या नोंदीतच मिळतो.