कुंडलची पोरं आणि आपला टेम्पो

ऑगस्ट 2019. कृष्णेचा महापूर ओसरल्यावर पुण्यातल्या आम्ही पलूसकरांनी सुट्टी टाकली, टेम्पो भरला, भिलवडीत चादरी वाटल्या. दोन दिवसांत परत लॅपटॉपसमोर. वाटलं, गावाचं ऋण फिटलं!

मग आपल्याच तालुक्यातलं कुंडल आठवलं. क्रांतिसिंह नाना पाटलांनी चळवळीसाठी तलाठ्याची नोकरी सोडली होती. 7 जून 1943 ला शेणोलीत इंग्रजांची पगाराची रेल्वे लुटली, तेव्हा जी. डी. बापू लाड अवघे 20 वर्षांचे. पण मला लुटीपेक्षा मोठं वाटतं ते प्रतिसरकारचं रोजचं काम. गावातले तंटे गावातच मिटवायचे, कमी खर्चात लग्नं लावायची. हे 1946 पर्यंत चाललं.

आपला टेम्पो चुकला नाही हो. एकच खेप कमी पडली. तुम्ही गावी परत कधी गेलात?