दिव्यांग प्रेक्षक आणि फुटबॉल सामन्यांची तिकिटे

दिव्यांग प्रेक्षकांना फुटबॉल सामन्यांची तिकिटे इतर प्रेक्षकांच्या बरोबरीने, तेवढ्याच सुलभतेने आणि वाजवी दरात मिळणे हा सुगम्यतेच्या हक्काचा एक भाग मानला जातो. चाकाची खुर्ची वापरणारे, अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, स्वमग्न तसेच चालण्यास त्रास होणारे प्रेक्षक यांचा त्यात समावेश होतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या.

स्वरूप

सर्वसाधारण प्रेक्षकाच्या दृष्टीने तिकीट म्हणजे एका आसनाचा क्रमांक असतो. दिव्यांग प्रेक्षकाला मात्र तिकिटासोबत आणखी काही गोष्टींची खात्री लागते. प्रवेशद्वारापासून आसनापर्यंत पायऱ्यांविना मार्ग, जवळपास वापरण्याजोगे स्वच्छतागृह, सोबत्यासाठी शेजारची जागा आणि मैदानाचे निर्वेध दर्शन या त्या गोष्टी होत. खुर्चीसाठी सपाट जागा राखली, परंतु पुढील रांगेतील प्रेक्षक गोल होताच उभे राहिले, तर नेमका तोच क्षण मागच्या प्रेक्षकाला दिसत नाही. म्हणून अशी जागा पुढील रांगेपेक्षा पुरेशी उंच असावी लागते.

सोबत्याचे तिकीट हा यातील महत्त्वाचा प्रश्न आहे. मदतनिसाशिवाय मैदानात येऊ न शकणाऱ्या प्रेक्षकाकडून दोन तिकिटांचे पैसे घेतल्यास एकच सामना त्याला दुप्पट महाग पडतो. त्यामुळे अनेक ठिकाणी सोबत्याला विनामूल्य प्रवेश दिला जातो. कतार येथील २०२२ च्या विश्वचषकातही ही सवलत होती.

भारतातील कायदेशीर तरतुदी

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. कराराचे कलम ३० सांस्कृतिक जीवन, मनोरंजन व क्रीडा यांतील सहभागाविषयी असून, क्रीडास्थळी प्रवेश मिळण्याची हमी त्यात आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले. ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेत मनोरंजनासाठी लोक वापरतात अशा खासगी इमारतीही येतात. नियमांशी सुसंगत आराखडा नसल्यास कलम ४४ नुसार बांधकामाला परवानगी देता येत नाही. कलम ४५ नुसार अस्तित्वातील सार्वजनिक इमारती ५ वर्षांत सुगम्य करावयाच्या होत्या. नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाल्याने ही मुदत जून २०२२ मध्ये पूर्ण झाली. तथापि राज्यांना मुदतवाढ देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. सेवा पुरविणाऱ्यांसाठी कलम ४६ मध्ये २ वर्षांची मुदत होती.

अधिनियमात सामन्यांच्या तिकिटांचा स्वतंत्र उल्लेख नाही. किती जागा राखाव्यात, सोबत्याला सवलत द्यावी की नाही, विक्री कोणत्या मार्गाने करावी हे त्यात सांगितलेले नाही. ‘वाजवी सोयीसुविधा’ आणि भेदभावास मनाई या सर्वसाधारण तत्त्वांचाच येथे आधार घ्यावा लागतो.

राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेविषयीचा नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला. सुगम्यतेचे किमान निकष केवळ मार्गदर्शक न राहता बंधनकारक असावेत, असे न्यायालयाने म्हटले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निर्णयाने डिजिटल सेवांची सुगम्यता राज्यघटनेच्या कलम २१ शी जोडली. तिकीटविक्री प्रामुख्याने संकेतस्थळे आणि अॅप यांवरून होत असल्याने हा विचार या विषयालाही लागू पडतो. छायाचित्रातील अक्षरे ओळखून लिहिण्याची अट किंवा केवळ रंगांनी दाखवलेला आसनांचा नकाशा अंध ग्राहकाची खरेदी तेथेच थांबवू शकतो.

महाराष्ट्र व गोवा

मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ पासून खेळला गेला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ यांसारख्या संघांचे सामने मोठ्या गर्दीत होतात. २०१४ मध्ये स्थापन झालेला मुंबई सिटी हा संघ अंधेरीच्या क्रीडा संकुलात खेळतो. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम आणि मडगावचे फातोर्डा मैदान येथेही झाले.

ग्रामीण प्रेक्षकाच्या बाबतीत अडचण मैदानाच्या कितीतरी आधी सुरू होते. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल येथून मुंबईला जाण्यासाठी आधी शेगाव रेल्वे स्थानक गाठावे लागते आणि पुढे रात्रभराचा प्रवास असतो. एवढे अंतर कापून आलेल्या प्रेक्षकाला प्रवेशद्वारापाशी पायऱ्या आढळल्या, तर हाती असलेल्या तिकिटाचा उपयोग उरत नाही. ऑनलाइन नोंदणीनंतर छापील तिकीट खिडकीवरून घेण्याची अट असल्यास ही अडचण आणखी वाढते. क्रिकेटच्या २०२३ च्या विश्वचषकात मैदानात प्रवेशासाठी छापील तिकीट आवश्यक होते.

राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. अधिनियमाच्या अंमलबजावणीविषयीच्या तक्रारी राज्य आयुक्तांकडे करता येतात. त्यांचे कार्यालय पुणे येथे आहे.

इतर देशांतील व्यवस्था

ब्रिटनमध्ये २००३ च्या ‘अॅक्सेसिबल स्टेडिया’ मार्गदर्शिकेने चाकाच्या खुर्च्यांसाठी राखावयाच्या जागांचे प्रमाण ठरवून दिले. नव्या मैदानाची क्षमता २० ते ४० हजार असल्यास १५० जागा आणि २० हजारांवरील प्रत्येक हजारामागे ३ जागा, असे ते प्रमाण आहे. या हिशेबाने सुमारे ३३ हजार क्षमतेच्या, म्हणजे वानखेडे स्टेडियमएवढ्या मैदानात १८९ जागा राखाव्या लागतील. प्रीमियर लीगच्या क्लबांनी ऑगस्ट २०१७ पर्यंत या मार्गदर्शिकेची पूर्तता करण्याचे २०१५ मध्ये मान्य केले होते.

युरोपीय फुटबॉल महासंघाच्या पाठबळाने २००९ मध्ये ‘सेंटर फॉर अॅक्सेस टू फुटबॉल इन युरोप’ ही संस्था स्थापन झाली. अंध प्रेक्षकांसाठी ध्वनिवर्णनाच्या प्रसाराचे कामही तिने केले आहे. अशा वर्णनात निवेदक चेंडूची जागा, खेळाडूंच्या हालचाली आणि मैदानावरील वातावरण शब्दांतून उभे करतो.

हे सुद्धा पहा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
सुगम्य भारत अभियान
भारतातील फुटबॉल