तमाराचं फूल

आजच्या लेखातलं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. तमारा डेम्बो. मीही गेल्या वर्षापर्यंत ऐकलं नव्हतं. बी.ए.ला माझे विषय मराठी आणि इतिहास. मानसशास्त्राशी संबंध आला तो बी.एड.च्या पेपरापुरता. पण या बाईंबद्दल वाचलं आणि वाटलं, आपल्या माणसांना हे सांगायलाच हवं.

तमाराचा जन्म १९०२ सालचा, बाकू शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज अझरबैजानची राजधानी आहे. पुढे ती बर्लिनला शिकायला गेली. तिथली मानसशास्त्राची संस्था चक्क कैसरच्या जुन्या राजवाड्यात भरत असे! कैसर गेला, राजवाडा उरला आणि त्यात विद्यार्थी आले. कुर्ट लेविन हे तिचे गुरू. त्यांच्याभोवती रशियाकडून आलेल्या हुशार मुलींचा एक घोळकाच होता. त्यातली ब्लूमा झायगार्निक मॉस्कोला गेली. दुसऱ्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर तिनं काम केलं. तमाराही त्याच वाटेला लागणार होती, पण अमेरिकेत.

तमाराच्या प्रबंधाचा विषय होता राग. त्यासाठी तिनं केलेला प्रयोग मोठा गमतीदार आहे. जमिनीवर एक चौकोन आखलेला. त्यात माणसाला उभं करायचं. बाहेर थोड्या अंतरावर एक फूल. पाय चौकोनाबाहेर न काढता ते हातानं घ्यायचं. विचार केला की जमतं. एक तर मध्ये खुर्ची ठेवून तिच्यावर हात टेकायचा आणि वाकायचं. नाही तर पाय चौकोनातच ठेवून गुडघ्यांवर बसायचं आणि हात लांबवायचा. हे दोन उपाय सापडले की तमारा म्हणायची, आता तिसरा शोधा.

तिसरा उपाय नव्हताच!

माणसं तासन्‌तास झगडायची. चिडायची, रडकुंडीला यायची, भलतेच उपाय सुचवायची, प्रयोग सोडून जायला निघायची. राग कसा येतो याचं तिचं उत्तर असं, की पुढे भिंत आणि मागेही भिंत असली की माणूस कोंडतो आणि भडकतो. १९३१ साली हे संशोधन छापून आलं. त्याआधीच, १९३० मध्ये, ती अमेरिकेला गेली होती. पुढे १९३३ मध्ये हिटलर आला आणि ज्यू असलेल्या लेविन यांनाही जर्मनी सोडावी लागली.

आयोवात गुरुशिष्य एकत्र होते. तिथे त्यांनी रॉजर बार्करबरोबर लहान मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना आधी फार सुंदर खेळणी दाखवली, मग ती जाळीपलीकडे कुलपात ठेवली. साधी खेळणी हाताशी असूनही मुलांचा खेळ आपल्या वयाच्या सरासरी सतरा महिने मागे गेला. शिक्षकांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. मूल मठ्ठ दिसतं तेव्हा कधी कधी समोर कुठली तरी जाळी असते.

युद्ध संपता संपता हातपाय गमावलेले सैनिक घरी येऊ लागले. डॉक्टर जखमा भरत होते, कारागीर कृत्रिम पाय बनवत होते. पण या माणसांचं लोकांशी पुढे जमणार कसं, हा प्रश्न कुणाचा? तमारा आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डला हा प्रश्न हातात घेतला. त्यांनी शंभराहून अधिक जखमींशी बोलणं केलं आणि धडधाकट माणसांनाही प्रश्न विचारले. ग्लोरिया लेव्हिटन आणि बिअॅट्रिस राइट यांच्याबरोबर तिनं १९५६ साली हे निष्कर्ष मांडले. पुनर्वसन मानसशास्त्राच्या पायाचा तो एक दगड मानला जातो.

त्यातलं एक निरीक्षण मला चटकाच लावून गेलं. धडधाकट माणसाची अपेक्षा असते की जखमी माणसानं दुःख करत बसावं. तो हसला-खेळला तर लोकांना वाटतं, हा उसनं अवसान आणतोय. कारण पाय गेला तरी आनंदात राहता येतं हे मान केलं, तर आपण ज्याला एवढं मोल देतो त्याचं मोल कमी होतं! जखमी सैनिक मात्र सांगत होते, मदत हवी तेव्हा करा, पण कीव नको आणि टक लावून बघणं नको.

आमच्या घरात याचा रोजचा अनुभव आहे. तीन वर्षांपूर्वी सौ.ना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात अजून पुरता चालत नाही. भेटायला येणारे दारातूनच 'अरेरे' करत येतात. तिनं डाव्या हातानं चहाचा कप पुढे केला की लगबगीनं काढून घेतात, 'राहू द्या हो वहिनी!' एकदा सगळे गेल्यावर ती म्हणाली, "अहो, हे भेटायला आले होते की दहाव्याला?"

तमारा आणि राइट यांनी यावर एक साधी गोष्ट सांगितली. एखादी गोष्ट मोजण्याच्या दोन रीती असतात. एक तुलनेची, दुसरी उपयोगाची. सौ. आता दुधाचा हिशेब डाव्या हातानं लिहिते. पूर्वीच्या मोत्यासारख्या अक्षराशी तुलना केली तर ते कोंबडीचे पाय. पण हिशेब बिनचूक असतो आणि दूधवाल्याला वाचता येतो. पहिल्या रीतीनं पाहिलं तर रोज नवं दुःख, दुसऱ्या रीतीनं पाहिलं तर काम झालेलं. तमाराचा चौकोन मला इथे आठवतो. 'पूर्वीसारखी हो' असं म्हणणं म्हणजे नसलेला तिसरा उपाय मागणंच. ही जोडणी माझी, तिची नव्हे. पण मला ती पटते.

बिअॅट्रिस राइट यांनी १९६० साली या विषयावर मोठं पुस्तक लिहिलं. आंधळ्या माणसाशी लोक मोठ्यानं बोलतात, जणू त्याला ऐकूही येत नाही. एक उणीव अशी सगळ्या माणसावर पसरवली जाते, हे त्यांनी दाखवलं. म्हणून त्यांचा आग्रह असे की आधी 'माणूस' म्हणा, अपंगत्वाचा उल्लेख मागून येऊ द्या. त्या वर्गात एक खेळही घेत. प्रत्येकानं आपली सर्वांत मोठी अडचण चिठ्ठीवर लिहायची, शेजाऱ्याची चिठ्ठी वाचायची आणि दोन्हींतली एक निवडायची. बहुतेक जण आपलीच परत घेत! बाहेरून जे असह्य वाटतं ते आतल्या माणसाच्या ओळखीचं झालेलं असतं. राइट बाई शंभर वर्षं जगल्या, २०१८ साली गेल्या.

तमारा डेम्बो क्लार्क विद्यापीठात १९७२ पर्यंत शिकवत होती आणि १९९३ साली वूस्टर गावी वारली. बाकू, बर्लिन, आयोवा, वूस्टर... केवढा प्रवास! आपल्याकडे अपंग म्हणावं की दिव्यांग, यावर बरीच चर्चा होते. शब्द चांगला असावाच. पण तमारानं जे केलं ते त्याहून साधं होतं. ज्याच्यावर प्रसंग आला त्यालाच तिनं विचारलं, तुला काय वाटतं, आणि उत्तर खरं मानलं.

असो. पुढच्या वेळी कुणा आजाऱ्याला भेटायला जाल, तेव्हा त्यानं पुढे केलेला चहा निवांत घ्या. कप थोडा हिंदकळला तर हिंदकळू द्या.