बारावीच्या गुणांची उतरलेली किंमत

जानेवारीतल्या जेईईत चांगला पर्सेंटाइल पडला की मुले फेब्रुवारीतल्या बारावीकडे पाठ फिरवतात आणि मे महिन्यात निकाल पाहून घरचे हबकतात. या घसरणीचे खापर सहसा मुलांच्या बेफिकिरीवर फोडले जाते. मला ते पटत नाही. बीड जिल्ह्यापुरता गेल्या पाव शतकाचा इतिहास पाहिला तरी दिसते, की बारावीच्या गुणांची किंमत आधी प्रवेशाच्या नियमांनी उतरवली. मुलांनी आपला वेळ त्या बेताने वाटून घेतला.

अंबाजोगाईत 1974 साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, पुढे बरीच वर्षे डॉक्टरकीचा रस्ता बारावीतूनच जात होता. ‘ग्रुपला किती पडले?’ या एका प्रश्नात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे गुण विचारून होत. गेवराई, माजलगाव, केज अशा तालुक्यांच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयातला विज्ञानाचा शिक्षक आणि तिथली प्रयोगशाळा यांना त्यामुळेच वजन होते. मग वैद्यकीय प्रवेशासाठी 1999 मध्ये आणि अभियांत्रिकीसाठी 2004 मध्ये राज्याची सीईटी आली. 2014 आणि 2015 मध्ये अभियांत्रिकीची क्रमवारी निम्मी बारावीवर आणि निम्मी जेईईवर लागली, पण 2016 मध्ये पुन्हा एकटी सीईटी उरली. त्याच वर्षी वैद्यकीयसाठी ‘नीट’ कायम झाली आणि 2017 पासून जेईईच्या क्रमवारीतले बारावीचे 40 टक्केही गेले. पुढे 2020 मध्ये वैद्यकीय प्रवेशातले 70:30 हे प्रादेशिक सूत्र रद्द झाले. बीडच्या मुलाची स्पर्धा थेट साऱ्या राज्याशी सुरू झाली, तीही एकाच परीक्षेच्या बळावर.

ज्यांना परवडले ते लातूरच्या क्लासला गेले. मागे राहिली ती मुले, ज्यांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि ऐन परीक्षेच्या दिवसांतही फडावरच असतात. या मुलांचा क्लास, ग्रंथालय, प्रयोगशाळा, सारे काही गावाजवळचे कॉलेजच. शिकवण्याची मागणी करणारे पालकच मुलांसह लातूरकडे वळल्यावर तिथल्या तासांची चौकशी कोण करणार? आणि एवढे होऊनही बारावीची अट सुटलेली नाही. राज्यातल्या अभियांत्रिकीला खुल्या गटासाठी 45 टक्के, वैद्यकीयला 50, एनआयटीला 75 टक्के किंवा मंडळातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान. जेईईत उत्तम ठरलेला मुलगा या शेवटच्या अटीत अडकला, तर हाताशी आलेली जागा जाते.

यावर कुणी म्हणेल, 2021 मध्ये बारावीची परीक्षाच झाली नाही, दहावी, अकरावी आणि बारावीच्या 30:30:40 सूत्राने गुण दिले गेले, तरी प्रवेश पार पडलेच ना? पडले, पण कोरोनाकाळात शिथिल केलेली 75 टक्क्यांची अट 2023 मध्ये परत आणावी लागली, ती बारावीवाचून भागत नाही म्हणूनच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गुणांना वजन दिले की कॉपी वाढेल. ही भीती खोटी नाही, कॉपीमुक्त अभियाने उगीच काढावी लागत नाहीत. तरीही कॉपी हा केंद्रावरच्या बंदोबस्ताचा प्रश्न आहे, तो तिथेच सोडवला पाहिजे. तेवढ्यासाठी दोन वर्षांचे शिकणे क्रमवारीतून बाद करणे म्हणजे क्लासची फी भरू न शकणाऱ्यांना शिक्षा करणे होय. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका मापात आणण्याची पद्धत 2014 मध्ये वापरून झालेली आहे.

राज्याने बारावीला क्रमवारीत निश्चित वाटा परत द्यावा आणि तो मुले अकरावीला बसण्याआधी जाहीर करावा.