तालमीतला वस्ताद आणि इनामाचा हिशेब

सांगली-साताऱ्याकडच्या तालमींत वस्ताद, म्हणजे मल्लाचे डाव, मेहनत आणि आहार यांवर रोज नजर ठेवणारा गुरू, हा पगारी नोकर क्वचितच असे. तरीही त्याच्या शिकवणीचे मोल रोकड पैशांत उतरे, कारण जोड, म्हणजे तुल्यबळ प्रतिस्पर्धी, कोणता लावायचा यावर इनामाची रक्कम ठरे आणि त्या बोलणीत वस्तादाचा शब्द वजनदार असे. दूध, तूप, बदाम यांचा खुराक शेतकरी घराला जड जाई आणि अवेळी लावलेल्या जोडीत मल्ल जायबंदी झाला, तर तो सारा खर्च मातीत जाई. संस्थाने विलीन झाल्यावर तालमींचा राजाश्रय आटला. तरी शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडून 1960 मध्ये हिंदकेसरी झाले, तर कवठेपिरानच्या मारुती माने यांनी 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचा हिशेब मात्र उलटा होता: 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या प्रवासासाठी त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले, आणि कांस्यपदक विजेत्या या मल्लाला पोलीस खात्यातील फौजदारकी मिळाली ती 1955 मध्ये.