जडीबुटी, दवाखाना आणि मधले अंतर

श्रोतेहो, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानावर बोलायचे म्हटले की वक्ता प्रथम सागाचे, बांबूचे आणि मोहाचे वर्णन करतो. आज आम्ही ते करणार नाही. या रानातला माणूस आजारी पडला म्हणजे प्रथम कोणाकडे जातो, आणि त्यात त्याचा किती वेळ जातो, एवढाच आमचा विषय आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. कामगारांची संघटना बांधण्यात आमचे आयुष्य गेले. पण घरचे आजारपण आणि त्यापायी बुडालेली हजेरी यांचा हिशेब कामगाराबरोबर आम्हालाही करावा लागतो. तेवढ्या अधिकारावर आम्ही आज उभे आहो.

झाडपाला खोटा आणि गोळी खरी, असे आमचे म्हणणे नाही. इतिहासही तसे सांगत नाही. हिवतापावरचे क्विनाइन १८२० साली सिंकोना झाडाच्या सालीतूनच वेगळे काढले गेले. चीनमध्ये तू यूयू या विदुषीने जुन्या वैद्यकग्रंथातील उल्लेखाच्या आधारे दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीतून हिवतापावरचे नवे औषध शोधले आणि २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावर तिने तो काढा रोग्याला पाजला नाही. अर्क काढला, जनावरांवर तपासला, स्वतः घेऊन पाहिला आणि मगच रोग्यांना दिला. ग्रंथाने वाट दाखवली. खरेखोटे कसोटीने ठरवले.

आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. १९४९ साली वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. त्या काळापर्यंत कुष्ठरोगावर जगभर तुवरकाचे, म्हणजे चालमोगऱ्याचे तेल चालत असे. ते आपल्या आयुर्वेदातले जुने औषध. गोऱ्या डॉक्टरांनीही ते घेतले आणि सुईने टोचले. वेदना फार, गुण थोडा. १९४० नंतर सल्फोन जातीची औषधे आली तेव्हा डॉक्टरांनी ते तेल बाजूला ठेवले. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार सांगितला. जे वैद्यक आपले कालचे औषध अपुरे पडले हे मोजून मान्य करते, त्याच्यावर भरवसा ठेवावा. ज्याचे औषध कधीच चुकत नाही, त्याच्यापासून सावध राहावे. मालक म्हणतो, ‘तुमचा पगार चोख दिला’; तेव्हा संघटना म्हणते, ‘वही दाखवा.’ औषध देणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा.

मग वही नसताना लोकांचा विश्वास का बसतो? कावीळ उतरवण्याचा प्रकार आपण पाहिला असेल. रोग्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतात, पाणी पिवळे होते, आणि कावीळ उतरली असे सांगतात. हाताला आधी झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, चुन्याशी मिळून तो पिवळा होतो. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी पाणी तितकेच पिवळे होईल. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा विश्रांतीने आपोआप बरी होते. श्रेय मात्र उतरवणाऱ्याला मिळते. परंतु गरोदर बाईला हीच कावीळ झाली, किंवा पित्ताच्या नळीत खडा अडकला, तर चुन्याच्या पाण्यात गेलेले आठ दिवस प्राणावर बेततात.

सर्पदंशाचे तसेच. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर दंशात विष सोडतोच असे नाही. म्हणून मांत्रिकाकडे नेलेली पुष्कळ माणसे वाचतात आणि त्याचे नाव होते. पण मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज येत नाही, दंशाची खूणही धड दिसत नाही. पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस आपल्या देशात तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ती वर्षानुवर्षे बनवली. पण लस टोचायची तर रोगी वेळेत पोचला पाहिजे. साप, कुत्रा वा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

परंतु नुसत्या कायद्याने हा प्रश्न सुटत नाही, आणि रानातल्या माणसाला अडाणी म्हणूनही सुटत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी १९७३ साली भामरागडकडे हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले. पावसाळ्यात पूर आला की तो मुलूख जगापासून तुटे. आरंभी माडिया लोक दवाखान्याकडे फिरकत नसत, कारण पुजारी हाकेच्या अंतरावर होता आणि त्यांची भाषा बोलत होता. बरे झालेले रोगी गावी परतले, तसा विश्वास पसरत गेला.

१९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत हीच गोष्ट आकड्यांनी सिद्ध केली. तेथे लहान मुले न्यूमोनियाने मरत. संस्थेने गावातल्याच माणसांना आजार ओळखण्याचे व औषध देण्याचे शिक्षण दिले. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणींसाठी श्वास मोजण्याचे मण्यांचे साधे साधन केले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, उपचार मिळालेल्या आजारी मुलांत शंभरांमागे एकाहूनही कमी मूल दगावले; सोय नसलेल्या गावांत शंभरांमागे तेराहून अधिक. पुढे गावातल्या शिकवून तयार केलेल्या स्त्रियांनी घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा तिसऱ्या वर्षी त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. संस्थेच्या दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव आहे आणि रचना गावासारखी, कारण मोठ्या इस्पितळाची भीती वाटते असे लोकांनीच सांगितले होते.

याचा अर्थ एवढाच की आदिवासी माणूस औषधाचा वैरी नव्हता. औषध दूर होते आणि पुजारी जवळ होता. औषध दारात आले, आपल्या माणसाच्या हाताने आले, तेव्हा आईने ते मुलाला दिले.

आता, श्रोतेहो, आपल्याकडे पाहू. आपल्या रस्त्यावर दवाखाना आहे, औषधाचे दुकान आहे. तरीही मधुमेहाची गोळी सोडून कुठल्याशा भुकटीची बाटली घेणारे, गाठ लागली असताना सहा महिने काढा पिणारे शहरातच भेटतात. मधुमेह, कर्करोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या आपण वाचतो आणि शेजाऱ्याला सांगतो. ज्या मुलाला इन्सुलिनवाचून गत्यंतर नाही, त्याचे इन्सुलिन ‘नैसर्गिक उपाय’ म्हणून बंद केले तर ते काही दिवसांतच दगावू शकते. भामरागडच्या आईला नदीचा पूर आडवा येत होता. आपल्याला कोणता पूर आडवा येतो?

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. एक सरकारकडे : रानातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस, हिवतापाची तपासणी आणि माणूस, तिन्ही हजर असावीत, नुसत्या इमारतीला कुलूप नको. दुसरी आपल्याकडे : मुळी द्यायचीच असेल तर ती देणाऱ्याला वही विचारा, आणि रोग्याचा श्वास, शुद्ध वा रक्त जाऊ लागले असेल तर तेही विचारत बसू नका. बुडालेली मजुरी पुढच्या आठवड्यात भरून काढता येते; रोग्याचा गेलेला तास भरून काढता येत नाही.