मोजून दिलेला श्वास

पावसाळ्यात आमच्या कर्जत-खालापूरकडच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांवर जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंश फारसा दुखत नाही. पहाटे पापण्या मिटू लागतात, मग छातीचे स्नायू थकतात. फुप्फुस मात्र धडधाकट असते! अशा रोग्याला विष उतरेपर्यंत कोणी तरी श्वास दिला की तो वाचतो.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीत नेमके हेच घडले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी घशाला छेद देऊन नळी घातली आणि सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने रबरी पिशवी दाबून रोगी जगवले. पुढे आपल्या मुंबईत डॉ. फारुख उदवाडियांनी धनुर्वाताच्या रोग्यांना यंत्रावर ठेवून वाचवले. इथेही बिघाड स्नायूंचाच.

यातून एक समज मात्र रुजला, की हवा भरपूर द्यावी. १९६७ मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी वेगळेच १२ रोगी नोंदवले. त्यांची फुप्फुसेच पाण्याने भरून ताठर झाली होती. श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब राखला, तर काहींना फायदा होई. १९८० च्या दशकात मिलानच्या गॅटिनोनींनी सीटी स्कॅन करून पाहिले, तर उघडे उरलेले फुप्फुस लहान मुलाच्या फुप्फुसाएवढे! त्यात मोठ्या माणसाचा श्वास कोंबला की उरलेलेही फाटणार.

हे पटायला २००० साल उजाडले. अमेरिकेत ८६१ रोग्यांवर तुलना झाली. किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्यांपैकी शंभरात सुमारे ४० दगावले, ६ दिलेल्यांपैकी ३१.

आणि हा किलो काट्यावरचा नव्हे बरं का. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही, म्हणून वजन उंचीवरून काढतात. आमच्या वाडीवरची दीडशे सेंटिमीटर उंचीची बाई घ्या. तिचे हिशेबी वजन ४३ किलो, म्हणजे श्वास २६० मिलिलिटर. यंत्र कोणी सरसकट पाचशेवर लावून ठेवले, तर तिला जवळजवळ दुप्पट हवा जाते. शाळेतल्या त्रैराशिकाचा इतका जीवघेणा उपयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

२०२०-२१ च्या कोरोनात नातेवाईक विचारत, "डॉक्टर, हवा वाढवत का नाही?" प्रश्न रास्त होता. पण वाढवायचा असे तो प्राणवायू, नाहीतर आतला दाब. किंवा रोग्याला पालथे झोपवायचे. श्वास लहानच ठेवायचा.

मण्यारीच्या रोग्याला हा नियम इतका कडक नाही, त्याचे फुप्फुस थोडा मोठा श्वास सोसते. पण वाटेत ॲम्ब्युलन्समध्ये यंत्र नसले, तर पुन्हा कोपनहेगनचीच पिशवी. मोठ्यांच्या पिशवीत सुमारे दीड लिटर हवा मावते, म्हणून ती दोन्ही हातांनी पिळायची नसते. छाती जरा उचललेली दिसली की सोडायची, आणि पाच-सहा सेकंदांनी पुन्हा दाबायची.